सव्वा गुलाबजाम

"बासुंदी नको, खंडू. गुलाबजाम कर," सत्यजीत म्हणाला. सासरच्या अंगणात त्याने स्वतःहून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट.

सत्यजीत शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायचा. लग्नाला सहा वर्षं झाली तरी न्हावऱ्याचे सासरे हौसराव पाहुण्यांना त्याची ओळख "आमचं जावई, कॉलेजला असत्यात" एवढीच करून देत. तिथं तो शिकवतो की घंटा वाजवतो, हे पाहुण्यांनी आपलं आपण ठरवायचं. आता धाकट्या मेहुणीचा, वैष्णवीचा साखरपुडा होता. मेहुणा विश्वजीत फ्लेक्स आणि फोटोग्राफरमध्ये अडकलेला, म्हणून जेवण जावयाकडे आलं.

"सर, बासुंदी बरी पडंल," खंडू आचारी म्हणाला. पुढच्या महिन्यातलं लग्नही त्यालाच सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याचा जीव या कामात होता. "माणूस वाढलं तर दूध वाढवता येतं. गुलाबजाम कसा ताणायचा?"

सत्यजीतला हेच हवं होतं. "हे बघ, वस्तू दोन प्रकारच्या. मोजायच्या आणि मापायच्या. गुलाबजाम मोजायचा. एक, दोन, तीन, मध्ये काही नाही. याला डिस्क्रीट म्हणतात. आलेख काढला तर सुटे ठिपके. बासुंदी मापायची. वाटी, सव्वा वाटी, अजून जराशी. ती कंटिन्युअस, न तुटणारी रेघ, आणि ती कुठं थांबेल कुणाला माहीत? ठिपके मात्र फसवत नाहीत. तीनशे माणसं, माणशी दोन, सहाशे."

"आन् माणसं?"

"तीही डिस्क्रीट. साडेतीनशे येतील, पण साडेतीन माणसं कधी येत नाहीत."

"साडेतीन आली तर चालतंय, सर. साडेतीनशेचं भ्या वाटतं," खंडू म्हणाला आणि खवा मळायला बसला.

साखरपुड्याच्या दिवशी पहिली पंगत दीडशेची बसली. माणशी दोन वाढून झाल्यावर चुलत सासऱ्यांना आग्रहाची लहर आली. "घ्या ओ, लाजता काय!" म्हणत ते ताटाताटात तिसरा, कुठे चौथा टाकत गेले. त्यांना अडवणार कोण? पंगत उठली तेव्हा पातेल्यात अडीचशे उरले होते. पुढची पंगत मानाची, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची, पुन्हा दीडशेची. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. नवरा मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. त्याच्या लाइनवरची पन्नास पोरं सुट्टी साधून बस करून आली होती.

"सर, आता एकेकच वाढा," खंडू म्हणाला. "वरचं पन्नास आग्रहाला ठिवा."

"म्हणजे काहींना दोन आणि काहींना एक? हा अन्याय झाला." सत्यजीतने मनातल्या मनात भागाकार केला. "दोनशे माणसांना अडीचशे. माणशी सव्वा. बरोब्बर बसतं. पन्नास गुलाबजामांचे चार-चार तुकडे कर."

"पाव गुलाबजाम वाढायचा? लोकं काय म्हणत्याल?"

खंडूने हात लावला नाही, तेव्हा सुरी सत्यजीतनेच घेतली.

पंगतीत पहिल्याच ताटावर नवऱ्या मुलाचे काका, दौंडचे साहेबराव बसले होते. त्यांनी ताटातला अख्खा गुलाबजाम पाहिला, मग शेजारची पाकातली फोड पाहिली.

"हे काय हाय?"

"सव्वा हाय," वाढणारा खरं ते बोलला.

"सव्वा? नारळावरची दक्षिणा हाय का?" साहेबराव ताटावरून उठले. त्यांच्यामागे अख्खी रांग उठली. "पोरगी देताय का भीक घालताय, हौसराव?"

हौसरावांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळीकडे पाहिलं. सत्यजीतने हातातली सुरी पाठीमागे नेली.

"अवं, त्या आचाऱ्याचं काम हाय!" हौसराव ओरडले. "येडं हाय ते. त्याला काय कळतंय!"

सत्यजीतने तोंड उघडलं. बायकोने, अनिताने, त्याचं कोपर घट्ट दाबलं. "आत्ता नाही. वैष्णूचं मोडेल." तोंड मिटलं.

शिव्या खात असतानाच खंडूने पातेलं ओढलं. उरलेले गुलाबजाम, फोडी, पाक, सगळं चुलीवर चहासाठी तापलेल्या दुधात कुस्करलं आणि घोटलं. विश्वजीतने हातापाया पडून साहेबरावांना खाली बसवलं. पाच मिनिटांत वाट्या आल्या. साहेबरावांनी चमचाभर चाखलं. मग वाटी तोंडाला लावली. मग दुसरी मागवली. बसमधली पोरं तर मोजायचंच विसरली.

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?" साहेबरावांनी विचारलं.

"आमच्या विश्वजीतच्या," हौसराव म्हणाले. विश्वजीत हसला. नाही म्हणाला नाही.

"वा! पण लग्नाला हा आचारी नको. आमचा दौंडचा आणतो."

"नकोच!" हौसराव म्हणाले.

सत्यजीतला राहवलं नाही. कोपरावर पुन्हा अनिताचा हात आला, तो त्याने झटकला. "आबा," तो सासऱ्यांना म्हणाला, "खंडूची चूक नाही. फोडी मी केल्या. आणि हे दुधाचं खंडूला सुचलं."

साहेबरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचे डोळे पाणावले.

"हौसराव, जावई केवढ्या मनाचा हाय! गरिबाचं पाप सोताच्या अंगावर घेतोय. वर मेहुण्याचं नावबी आचाऱ्याला देऊ बघतोय!"

"नाही, खरंच मीच..."

"बास, बास! शिकलेली माणसं अशी असत्यात." त्यांनी स्वतःचा फेटा काढून सत्यजीतच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या पडल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा हौसरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आमचं थोरलं जावई. गणिताचं प्रोफेसर हायत."

फेट्यासकट सत्यजीत मांडवामागे गेला. खंडू टेम्पोत भांडी भरत होता.

"खंडू, मी खरं सांगितलं रे. कुणी मानलंच नाही."

"ऐकलं मी. चांगलं बोलला तुम्ही," खंडू मान वर न करता म्हणाला. "आता अजून बोलू नका. लग्नाचं काम तर गेलंच, अजून बोलला तर गावातलंबी जाईल. त्या कढईचा पलीकडचा कान धरा."

सत्यजीतने धरला. कढई जड होती. दोघांनी ती टेम्पोच्या फळीपर्यंत उचलली, तेवढ्यात मांडवातून हौसरावांची हाक आली, "प्रोफेसर, या की! तुमच्याबिगर फोटो राहिलाय!"

सत्यजीतने कढई हळूच खाली ठेवली, फेटा सारखा केला आणि निघाला.