सीटखालचा भाव

साडेदहा वाजले तरी हातगाडीवाल्याचा पत्ता नव्हता आणि धाकट्याच्या डोक्यात तिडीक उठत होती. हातगाडीवाला समोरासमोरच्या दोन्ही दुकानांचा माल वाहायचा आणि रोज सकाळी चहाच्या बदल्यात समोरचा भाव धाकट्याच्या कानात सांगायचा. समोरचं दुकान सख्ख्या थोरल्या भावाचं. एकाच कारखान्याची तीच घडीची खुर्ची दोघंही घाऊक विकत आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलत नसत. थोरल्याने दहा उतरवले की धाकटा वीस उतरवी. असं करत करत सातशेची खुर्ची साडेपाचशेवर आली होती आणि दोघांचंही दिवाळं वाजायला फार अवकाश नव्हता.

तेवढ्यात घरून बायकोचा फोन आला.

"हातगाडीवाल्याची कंबर धरलीय. त्याच्या बायकोने निरोप दिलाय, आज येत नाही तो."

"मग समोरचा भाव कोण सांगणार? अकराला हॉलवाला येतोय. तीनशे खुर्च्या हव्यात त्याला. फोनवर 'आल्यावर बोलू' म्हणून थोपवून धरलंय मी. आता काय डोंबल बोलू?"

"एकदा तरी आपल्या मनाने भाव सांगा की. आणि हे बघा, ही ऑर्डर गेली तर दुकानाला कुलूप लावायचं आणि माझ्या भावाच्या गोदामात कामाला लागायचं. ठरलंय ना आपलं?"

धाकट्याने फोन आपटला. मेव्हण्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा रस्त्यावर बसलेलं बरं. त्याने समोर पाहिलं. थोरल्याच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. रस्ता ओलांडून तो सरळ आत घुसला.

थोरला पक्का बेरकी. भाव पाटीवर कधी लिहायचा नाही. सीटखाली चिठ्ठी चिकटवून तिच्यावर लिहायचा. धाकट्याने एक खुर्ची टेबलावर उलटी टाकली आणि खाली डोकं घातलं. पाचशेचाळीस. म्हणजे रात्रीतून पुन्हा दहा उतरवले होते मेल्याने.

"मालक, ही खुर्ची कशी दिली?"

दारात एक जाडगेला माणूस उभा होता. "हॉलसाठी तीनशे हव्यात. समोरच्याशी बोलणं झालंय फोनवर, पण म्हटलं आधी इथे विचारावं."

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं गिऱ्हाईक, आणि आधी या दारात? थांब, याला इथून असा पळवतो की पुन्हा पायरी चढणार नाही.

"नऊशे," तो गुरगुरला.

"नऊशे?"

"परवडत नसेल तर समोर जा. तिथे स्वस्त मिळेल."

माणूस मुकाट्याने समोर गेला. धाकट्याला बरं वाटलं, पण घटकाभरच. आपल्या दुकानात तर कोणीच नाही, हे आठवल्यावर तो दाराकडे धावला आणि तिथेच खिळला. त्याच्या दुकानात, त्याच्याच खुर्च्यांच्या थप्पीमागून, मागच्या दाराने शिरलेला थोरला उठून उभा राहत होता. हॉलवाल्याने काहीतरी विचारलं. थोरल्याने हातवारे करत इकडे बोट दाखवलं.

हॉलवाला घाम पुसत परत आला.

"समोरचा तर अकराशे म्हणतो. वर खेकसतो, 'नको असेल तर समोर मर जाऊन.' हॉल रविवारी उघडायचाय, मला वेळ नाही. तुमचे नऊशे मान्य. पण तो समोरचा म्हातारा अगदीच चक्रम दिसतो हो."

"तोंड सांभाळून बोला," धाकटा कडाडला. "थोरला भाऊ आहे तो माझा."

हॉलवाल्याने घाईघाईने माफी मागितली, ऑर्डरच्या कागदावर सही केली आणि तो गेला. त्याच्या पाठोपाठ थोरला लालबुंद चेहऱ्याने आत शिरला.

"माझ्या दुकानात काय करतोयस तू?"

"तू माझ्या दुकानात काय करत होतास, दादा?"

थोरल्याने टेबलावरचा कागद उचलला आणि डोळ्यांजवळ धरला.

"नऊशे? हा माणूस नऊशे देतोय?"

"देतोय. पण रविवारच्या आत तीनशे कुठून आणणार आहेस? एकशेवीसच्या वर खुर्च्या नाहीत तुझ्याकडे."

"तुझ्याकडे दोनशेदहा आहेत," थोरला अजून रागातच म्हणाला. "आत्ताच मोजून आलोय."