पित्त : एक जीवघेणा आजार

"ज्ञानाला कुंपण नसतं. या घरात कुठल्याही प्रश्नाला बंदी नाही, कुठल्याही पुस्तकाला बंदी नाही, आणि हा डॅनियल डिसोझा जिवंत आहे तोवर ती असणारही नाही," असं डॅनियलने बांगड्याचं तिखलं भातावर ओढता ओढता जाहीर केलं.

जाहीर करणं हा त्याचा जन्मभराचा धंदा. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्याने कर्ण्यावरून हयातभर गाड्या सोडल्या. निवृत्तीच्या दिवशी कर्णा तिथेच राहिला, आवाज तेवढा घरी आला. काही महत्त्वाचं बोलायचं झालं की तो अजूनही शुद्ध मराठीत बोले आणि वाक्य दोनदा म्हणे. आता घरात ऐकायला एकच प्रवासी उरला होता : नववीतली नात, वेनेसा. मुलगा आणि सून कुवेतला. बायको, सेलिना, गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत वारली.

"मगे शापाय, एक इचारू?" वेनेसा म्हणाली. आजोबांना ती शापाय म्हणे, आजीला शामाय.

"इचार. इचार."

"शाळेत दोन प्रकल्प करूचे आसत. विज्ञानात एक रोग घेवचो, आणि समाजशास्त्रात बंदी घातलेला एक पुस्तक."

"बरे विषय आसत."

"रोग मी ठरवलंय. पित्त."

डॅनियल हसला. "पित्ताक कोण रोग म्हणता? ता सगळ्यांका आसता. मॅडम तुका शून्य देतली."

"पण शामाय पित्तानच गेली मां?"

डॅनियलचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, "बांगड्यात काटो इलो." मग पाणी प्यायला. मग म्हणाला, "तू हत्तीरोग घे. मोठो रोग आसा, चित्र पण बरा येयत. नायतर नारू घे. नारू आता खंयच गावणा नाय, म्हणजे तुझी चूक पण कोणाक गावची नाय."

"शामाय नारूनं गेली?"

"जेव बघू गप."

अशा रीतीने ज्ञानाला जेवण उरकायच्या आतच पहिलं कुंपण पडलं. वेनेसा दूधभात खाऊ लागली. गेले कित्येक महिने ती तिखट खात नव्हती, आंबट खात नव्हती. हल्लीच्या पोरींची ही फॅशन असेल, असं डॅनियलला वाटे.

सेलिनाला पित्त नव्हतं. तिच्या पोटात कॅन्सर होता. डॉक्टरांनी ते डॅनियलला दाराबाहेर नेऊन सांगितलं, कारण असल्या गोष्टी दाराबाहेरच सांगायची आपल्याकडे रीत आहे. दारापासून खाटेपर्यंत येता येता डॅनियलने तो शब्द गिळला आणि खाटेजवळ उभं राहून जाहीर केलं, "पित्त आसा. साधा पित्त आसा." सेलिनाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग त्याने वाडीत फिरून प्रत्येकाला बजावलं, की तिला काही कळता कामा नये. वाडीने शब्द पाळला. दूधवाला, पाववाला, पाद्री, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे दारावरून जाताना विचारत, "काय सेलिनाबाय, पित्त कसा आसा?" सेलिनाही खाटेवरून सांगे, "आज जरा बरा आसा."

धोका एकच होता. सेलिना वाचायची. गावच्या वाचनालयात आरोग्यावरचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात दुनियेतल्या सगळ्या रोगांची लक्षणं तपशीलवार दिलेली. ते तिच्या हाती लागलं असतं तर पित्ताची दोन पानं वाचून ती पुढे गेली असती, आणि पुढे काय आहे ते डॅनियलला माहीत होतं. पण देवाच्या कृपेने तो वाचनालयाचा अध्यक्ष होता. त्याने बाबलीला, म्हणजे ग्रंथपालाला, हुकूम दिला : पुस्तक कपाटात घाल, कुलूप लाव, कोणालाही देऊ नको. कारण सांगितलं नाही.

कारण न सांगता कपाटात गेलेलं पुस्तक कसलं असतं हे गावाला सांगावं लागत नाही. आठवड्याच्या आत सगळ्यांना कळलं, की ते चावट पुस्तक आहे आणि त्यात चित्रंही आहेत. जे वाचनालयाची पायरी कधी चढले नव्हते ते सभासद झाले. पाद्रींनी रविवारच्या मिस्सेला पुस्तकाचं नाव न घेता डॅनियलच्या नैतिक धैर्याची तारीफ केली. डॅनियल लाजला. शेजारी बसलेली सेलिना ओढणीत तोंड लपवून हसली. पुढे ती चर्चमध्ये कधी येऊ शकली नाही.

हत्तीरोगावर काही मिळतं का ते पाहायला डॅनियल दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेला. बाबली टेबलाशी बसून पेपर वाचत होता.

"तुमचा चेडू, वेनेसा, येवन गेला," बाबली म्हणाला. "बंदी घातलेली पुस्तका खंयची, म्हणान इचारी होता. मी सांगलंय, जगातली माका म्हायत नाय. आपल्याकडे एक आसा."

"तू तिका सांगलंस?"

"इचारल्यान म्हणान सांगलंय. लय खूश झाला. म्हणता, प्रदर्शनात मांडतलंय. आणि बंदी घालणाऱ्याची मुलाखत घेवची आसा. मार्क आसत तेका."

डॅनियलने खुर्ची ओढली. "बाबली, ता पुस्तक माका दी. मी घरी नेवन ठेवतंय."

"बंदी उठवलात काय?"

"नाय."

"मगे तुमकाय देवक येवचा नाय. कोणाकच देव नको, असा तुमीच सांगलात."

"बरा, उठवलंय. उठवलंय."

"उठवलात तर पयली मागणी वेनेसाची आसा. तेका देतंय."

"नको नको. बंदी आसांदे."

"मगे तर तेच्या प्रकल्पाक ता बरोबर बसता," बाबली म्हणाला आणि त्याने पेपरचं पान उलटलं. "काळजी करू नकात. मी स्वतः घेवन जातंय. पेटीत घालून, कुलूप लावन. बघूक बंदी नाय, वाचूक बंदी आसा."

"बाबली, तुका ठाऊक आसा मां ता पुस्तक कसला आसा ता?"

"माका काय ठाऊक? अध्यक्षांनी बंद केल्यानी ता मी उघडून बघू? मी तसलो माणूस न्हय."

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी डॅनियल वेनेसाच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. सांगायचं ठरवूनच आला होता. वेनेसा जमिनीवर पालथी पडून तक्ता रंगवत होती, आणि तक्त्याच्या कोपऱ्यात सेलिनाचा लग्नातला फोटो डकवलेला होता. डॅनियल खाकरला. वेनेसाने वर पाहिलं.

"उद्या आकाश निरभ्र राहील," डॅनियलने जाहीर केलं. "उद्या आकाश निरभ्र राहील." आणि तो आपल्या खोलीत जाऊन बसला.

शाळेच्या सभागृहाने प्रदर्शनासाठी एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. दूधवाला आला होता, पाववाला टोपलीसकट आला होता. महिला मंडळ नव्या साड्या नेसून आलं होतं आणि इथून फक्त जात होतो असं एकमेकींना सांगत होतं. शेजारची विमला, सेलिनाची जिवाभावाची मैत्रीण, सगळ्यांच्या पुढे होती. बाबली कुलूपबंद पेटी मांडीवर घेऊन बसला होता. पेटीशेजारी वेनेसाचा तो सेलिनाच्या फोटोचा तक्ता टांगला होता, आणि त्याच्यापुढे परीक्षक सारिका मॅडम मघापासून उभ्या होत्या. डॅनियल मागून येऊन तो वाचू लागला.

'पित्त : एक जीवघेणा आजार. लक्षणे : छातीत जळजळणे, जेवण न जाणे, बारीक होत जाणे, बोलताना थांबणे. उपचार : सोलकढी. गुण : येत नाही. घ्यावयाची काळजी : घरात कोणालाही पित्त झाल्यास मुलांना मडगावला मावशीकडे पाठवू नये. ती परत येईपर्यंत माणूस राहत नाही. स्वतःला जळजळ सुरू झाल्यास जवळच्या माणसांना लवकर भेटून घ्यावे.'

डॅनियलने ते पुन्हा वाचलं. मडगावला त्यानेच पाठवली होती, पोरीने ते बघू नये म्हणून.

"वेनेसा," सारिका मॅडम हळूच म्हणाल्या, "पित्ताने माणूस दगावत नाही गं. ही माहिती तुला कुठे मिळाली?"

"खाली लिवलंय मॅडम."

मॅडमनी खाली वाकून वाचलं. "संदर्भ : माझे आजोबा." मग त्या पेटीकडे वळल्या. तिथल्या कागदावर बंदी घालणारा अधिकारी म्हणून जे नाव होतं तेही त्यांनी वाचलं. "दोन्ही प्रकल्पांना एकच माणूस?"

"होय मॅडम. तो बगा, तुमच्या मागे उबो आसा."

गर्दीने डॅनियलला वाट करून दिली. बाबलीने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्ष काही बोलेनात, तेव्हा त्याने कुलूप काढलं. माना पुढे झाल्या. सगळ्यांत आधी पाववाल्याने पुस्तक उघडलं.

"हेच्यात तर बद्धकोष्ठ आसा," तो म्हणाला.

"फुडे बघ मरे," मागून कोणी तरी म्हणालं.

"फुडे मूळव्याध."

महिला मंडळातून एक लांब निःश्वास आला. वर्षभर जपलेली आशा अशी मूळव्याधीशी येऊन संपावी याचं दुःख सगळ्यांच्याच तोंडावर होतं. वेनेसाने मात्र वही-पेन काढलं आणि मुलाखत सुरू केली.

"शापाय, तू ह्या पुस्तकार बंदी कित्याक घातलंस?"

डॅनियलने छाती पुढे काढली. "सदर पुस्तक," तो स्टँडवरच्या आवाजात म्हणाला, "सदर पुस्तक, वाचकांच्या हिताच्या दृष्टीने..." आणि तिथे आवाज बसला. सेलिनाचा फोटो नेमका समोर होता. "तुझ्या शामायक पित्त नव्हता गो," तो म्हणाला. "कॅन्सर होतो. तिका कळू नये म्हणान मी पुस्तक बंद केलंय. आणि तुका कळू नये म्हणान तुका मडगावाक धाडलंय."

हे त्याने एकदाच म्हटलं, आणि ते मागच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

वेनेसाचं पेन थांबलं. मग विमला पदर सावरत पुढे आली.

"डॅनियल, आता सांगल्याशिवाय माका रवना नाय. तिका म्हायत होता."

"कोणाक?"

"सेलिनाक. तू डॉक्टराकडसून आत इलंस, तुझा तोंड बघल्यान आणि तिका कळला. दुसऱ्या दिसा माझ्या मोबायलार सगळा बघून घेतल्यान. माका म्हणाली, तेका सांगू नको. तो लय भियाता. आपण पित्तच म्हणाया."

डॅनियलने दूधवाल्याकडे पाहिलं. दूधवाला चपलेकडे बघू लागला. पाववाल्याने टोपलीवरचं फडकं नीट केलं. बाबलीने पेटीचं कुलूप लावलं, काढलं, परत लावलं. डॅनियलने वाडीत घरोघर फिरून जे सांगितलं होतं, तेच त्याच्याविषयी सांगत त्याच्या मागून विमला फिरली होती, एवढं त्याला या तोंडांवरून कळलं. वाडीने दोघांनाही दिलेला शब्द पाळला होता. ज्याला कळू द्यायचं नव्हतं असा माणूस गावात शेवटपर्यंत एकच होता, आणि तो वाचनालयाचा अध्यक्ष होता.

"पण माझी सोलकढी पियत होती मां ती?" डॅनियलने विचारलं. "रोज करून देत होतंय मी. बरा वाटता, म्हणत होती."

विमला म्हणाली, "माझ्या माडाच्या मुळात ती माका ओतूक सांगी. तुझ्या हातान मीठ लय पडता, डॅनियल. पण तांब्यो माझ्याकडे देताना म्हणत होती, तेका सांग, आज दोन घोट जास्त गेले."

डॅनियलला आठवत होतं, दोन घोट जास्त गेले त्या दिवशी तो किती खूश होऊन बाजारातून आणखी नारळ घेऊन आला होता.

"शापाय," वेनेसा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणजे पित्तान माणूस मरणा नाय?"

"नाय गो बाय."

"नक्की?"

"नक्की."

"माका कधी कधी जळजळता. मी कोणाक सांगलंय नाय. तुका परत त्रास जायत म्हणान."

तेव्हा डॅनियलला दूधभात समजला. कोणी कोणाला त्रास होऊ नये म्हणून काय काय खात होतं आणि काय काय ओतत होतं, हे सगळं त्याच्या घशाशी आलं. त्याने नातीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून तो तसाच उभा राहिला. सारिका मॅडमनी चष्मा काढून पुसायला घेतला. विमला तर उघडच रडत होती. एवढी माणसं होती, पण पुढे काय करायचं ते कोणालाच सुचेना, आणि जायलाही कोणी पहिलं तयार होईना.

शेवटी डॅनियलच्या पाठीला कोणी तरी हळूच बोट लावलं. शेजारच्या हत्तीरोगाच्या टेबलावरची तेजस्वी होती, वेनेसाच्या वर्गातली.

"आजोबानूं, जरा बाजूक सरशात?" ती म्हणाली. "माझो डास दिसणा नाय."