अप्पाकाकांना काय आवडत नाही

आमचे अप्पाकाका स्वतःला 'मी' म्हणत नसत. ते स्वतःला 'प्रार्थी' म्हणत. झाशीतल्या एका सरकारी कचेरीत बडे बाबू म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली, आणि आमच्याकडच्या हिंदी अर्जात अर्जदार म्हणजे प्रार्थी. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, प्रार्थी सुटला नाही. भाजीच्या ठेल्यापाशी उभे राहून ते खणखणीत आवाजात म्हणत, "भैया, प्रार्थी को पाव भर भिंडी दी जाए." एकदा नव्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "प्रार्थी को बहुत खाँसी है." डॉक्टर म्हणाले, "तो बाबूजी, उनको साथ क्यों नहीं लाए?"

ते आमचे शेजारी. गल्लीला 'बाबूजी', आम्हा मोजक्या मराठी घरांना 'अप्पाकाका'. नळाला पाणी आलं नाही, विजेचा खांब वाकला, की गल्ली अर्ज लिहून घ्यायला त्यांच्या ओट्यावर. चष्मा पुसत ते विचारत, "विषय क्या है?" विषय कळल्याशिवाय त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती. शरयूकाकूंनी स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं तरी बाहेरून "विषय?" असं येई.

"विषय, कणीक संपली!" काकू ओरडत. संसार असा व्यवस्थित चालला होता. तो बिघडवला मी.

मी इथल्या मुलींच्या कॉलेजात शिकवते. आमच्या घरांतल्या पोरांना मराठी कळते, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मराठी लिहिण्याचा वर्ग काढला. पोरं आली नाहीत. त्यांच्या आया आल्या, आणि इस्त्रीचा शर्ट घालून अप्पाकाका आले.

पहिला विषय अगदी सोपा दिला : माझा आवडता पदार्थ. अप्पाकाकांनी झरझर लिहून वाचून दाखवलं. "विषय, आवडता पदार्थ निश्चित करण्याबाबत. सविनय निवेदन आहे की, प्रार्थ्याच्या घरी प्रत्येक शुभप्रसंगी साखरभात करण्याची परंपरा असून, प्रार्थी तो विनातक्रार ग्रहण करीत आला आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हटलं, "काका, प्रार्थी काढा. तिथे 'मी' लिहा."

"छे छे. 'मी' लिहिलं की जबाबदारी आपल्यावर येते."

"म्हणूनच लिहा."

पुढच्या रविवारी त्यांनी एकच ओळ आणली होती. उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचली, "मला साखरभात आवडत नाही."

काका स्वतःच त्या कागदाकडे चकित होऊन बघत होते. म्हणाले, "बेटा, हे लिहीपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं."

त्याच संध्याकाळी काकू आमच्याकडे. "काय शिकवतेस ग तू त्यांना? लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, माझ्या मुलाला साखरभात फार आवडतो. तेव्हापासून करतेय. आणि आज म्हणतात, आवडत नाही! मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? तर म्हणे, कुणी आक्षेप मागवलेच नाहीत!"

पण काकांना आता चटक लागली होती. रोज सकाळी ओट्यावर बसून ते लिहीत आणि स्वतःबद्दलचा नवा शोध गल्लीला कळवत. त्यांना मिशी आवडत नाही. दुसऱ्या दिवशी मिशी गेली आणि भाजीवाल्यानं त्यांना ओळखलं नाही. त्यांना पालीची भीती वाटते. त्यांना दुधात बुडवलेली जिलेबी आवडते, पण लहान मुलांचं खाणं म्हणून ते आजवर नुसत्या वासावर भागवत आले. इथवर ठीक होतं. मग एक दिवस त्यांनी समोरच्या तिवारीजींना जाऊन सांगितलं, "भाईसाहब, लिखते-लिखते पता चला, आपका भजन मुझे बेसुरा लगता है."

तिवारीजींनी बोलणं सोडलं, भजन सोडलं नाही. उलट खिडकी उघडी ठेवून गाऊ लागले.

गल्लीच्या शांततेची जबाबदारी माझ्या डोक्यावर येऊन बसली. या माणसाला स्वतःवरून दुसरीकडे वळवावं म्हणून मी घाईघाईनं विषय दिला, आपल्या घरातल्या माणसाला काय आवडतं?

काकांनी पेन उघडलं, बंद केलं. गळक्या नळावर चार पानं लिहिणारा माणूस कोऱ्या कागदापुढे बसून राहिला. शेवटी उठून म्हणाले, "घरी विचारून येतो."

त्यांनी विचारलंही. काकू म्हणाल्या, चहा घ्या आणि गप बसा. परत विचारलं. काकू भाजी निवडत म्हणाल्या, "मला काय आवडायचंय आता." एवढंच वाक्य त्यांनी पुढच्या रविवारी वर्गात वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. काकांनी कागद खिशात ठेवला आणि वर्ग संपायच्या आतच निघून गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. मी घरी गेले तर दाराला कुलूप. त्यांची मुलगी बंगळूरला, तिच्याकडेही गेले नव्हते. धसकाच घेतला मी. शेवटी तिवारी भाभींनी सांगितलं, "बाबूजी-अम्मा तो बस से एरच गए हैं."

एरच बेतवा नदीच्या काठचं गाव. काकूंचं माहेर, पण आता तिथे त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

परत आल्याचं कळताच मी धावत गेले. अप्पाकाका ओट्यावर बसले होते, उन्हानं काळवंडलेले.

"काका, काय झालं?"

"मी विचारतच राहिलो ग. रोज विचारायचो. एक दिवस तिनं भांडी घासता घासता सांगून टाकलं, मला पोहायला आवडायचं. बेतवा पार करायचे मी." काका माझ्याकडे बघत होते, जणू मीच काही तरी समजावून सांगेन. "बेटा, हिला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो. मला वाटायचं, घरी बोलणारं कुणी नाही. कचेरीत माणसं होती, घरी नुसते विषय. मग म्हटलं, चल, दाखव."

एवढं बोलून त्यांनी मला आत जायची खूण केली.

स्वयंपाकघरात काकू केस वाळवत उभ्या होत्या. मी विचारलं, "काकू, खरंच उतरलात पाण्यात?"

"मग! लुगड्याचा काचा मारला आणि गेले. पाणी संथ होतं. हात विसरले नव्हते बघ." काकूंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "हे काठावर, माझ्या चपला हातात घेऊन. मला मधली धार लागली तशी हे घाबरले आणि ओरडले, 'शरयू!'"

मग केसांना गाठ मारत हळूच म्हणाल्या, "पहिल्यांदा नावानं हाक मारली ग त्यांनी. म्हणून वळले मागे. नाही तर पलीकडे जाऊनच येणार होते."