वडवणीवर रिसाला

"बाई, त्यो शबुद तेवढा दारात उभं राहून काढू नका," असं छबुबाईंनी मला बजावलं होतं. हातात केरसुणी, कमरेवर आमची यमी आणि चेहरा असा गंभीर, की मला वाटलं माझ्या तोंडून एखादी शिवीच गेली.

"कोणता शब्द?"

"त्योच. रिसाला."

"का पण?"

"कावून म्हणं! अवो, ह्यो शबुद आइकला की आमच्याकडं कोंबडी अर्धं अंडं आत ठिवून पळती!"

मी हसले. नुसती हसले नाही, पदर तोंडाला लावून खुर्चीत बसून हसले. मी पुण्याच्या कॉलेजातली बी.ए., त्यातून लॉजिक घेतलेली! घोडदळाच्या नावाने कोंबडी पळते यात कार्यकारणसंबंध कसा बसत नाही, हे मी त्यांना पाच मिनिटं समजावून सांगितलं. छबुबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि उरलेली खोली झाडली.

आमचे हे तेव्हा निजाम सरकारच्या तामीरात खात्यात, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या खात्यात, ओव्हरसियर होते. बिऱ्हाड वडवणीला, आणि हे महिन्यातले वीस दिवस कुठल्या तरी ओढ्यावर. घरात मी, अकरा महिन्यांची यमी, वरकामाच्या छबुबाई आणि कोनाड्यात त्रेचाळीस शिपाई.

शिपाई शिशाचे! बोटाएवढे. माझे वडील पुण्याच्या लष्करात कारकून होते. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाच्या मुलांनी जाताना एक लाल पेटी मला दिली. तेव्हापासून तो नाद. एका केसाच्या कुंचल्याने काढलेल्या त्या मिशा, ते पट्टे, ती इवलीशी बटणं! बाकीच्या मुलींनी सासरी तांब्याची घंगाळं नेली, मी पलटण नेली. हे म्हणत, "लोकांना सासुरवाडीचा वेढा पडतो म्हणतात, मला तो खरोखरच पडला."

मुंबईच्या एका दुकानाची दरसाल छापील यादी येई, वर मथळा, 'यंदाचे नवे'. इतर बायका जशा पंचांगात अधिक महिना शोधतात तशी मी ती यादी शोधून शोधून वाची. त्या वर्षी तिच्यात आलं होतं: 'दक्षिणी घोडेस्वार, नग बारा, प्रत्येकाचा भाला सुटा, एक कर्णेवाला. सोबत डोंगरी तोफखाना. प्रथमच.' त्या 'प्रथमच'ने माझी तहानभूक पळवली. यमी झोपली की यादी, यमी उठली की यादी.

तोवर मी पन्नासएक उर्दू शब्द शिकले होते आणि ते कुठे तरी वापरायला मिळावेत म्हणून जीव नुसता फुरफुरत होता. तेव्हा मागणीच्या पत्रात मी ऐटीत लिहिलं, 'आमच्या इलाख्यात यास रिसाला म्हणतात. तरी रिसाला त्वरित रवाना करावा.' पत्र ह्यांच्या नावाने. बाईमाणसाच्या नावाने वडवणीत पत्र येणं म्हणजे ओढ्याला उलटं पाणी येणं!

दुकानदार मोठा सभ्य माणूस. त्याने माझाच शब्द आदराने उचलला आणि उलट टपाली कार्ड पाठवलं. ते मी पुढे वाचलं, पण तुम्ही आत्ताच वाचा:

'रा. रा. ओव्हरसियरसाहेब, वडवणी. आपला रिसाला निघाला असून गुरुवारी पोचेल. स्वार बारा, घोडे बारा, तोफा दोन, खेचरे चार. उतरून घेताना घोड्यांचे पाय सांभाळावेत. मोडतोड झाल्यास आम्ही जबाबदार नाही.'

आता हेच कार्ड चावडीवर, टपालबाबू सुंदररावांच्या खणखणीत आवाजात ऐका! कार्ड म्हणजे गावाची मालमत्ता, पाकीट तेवढं खाजगी, असा तिथला रिवाज होता. साहेब फिरतीवर, मजकूर असला. सुंदररावांनी कार्ड आमच्याकडे न आणता पाटलांच्या हातात दिलं. शेवटचं वाक्य ऐकून अख्खी चावडी म्हणे उभी राहिली. कारण रिसाला गावावरून जायचा म्हणजे काय, ते त्या लोकांनी भोगलेलं. कडबा जायचा, बकरी जायची, खाटा जायच्या, आणि गड्यांना धरून बिगारीला जुंपायचे.

यातलं मला काही म्हणता काही ठाऊक नाही. सोमवारी संध्याकाळी मी वाटी-चमचा घेऊन दुधाची वाट बघत बसले होते.

ते दूध धुळाजीच्या बकरीचं. बाळंतपणानंतर मला विषमज्वर झाला आणि माझं दूध आटलं. गाईचं, म्हशीचं, सगळं यमी उलटून टाकी. बीडच्या डॉक्टरांनी बकरीचं सांगितलं, आणि धुळाजी मेंढपाळाच्या त्या एका काळ्या, पांढऱ्या कानाच्या बकरीचं दूध मात्र तिला मानवलं. दुसऱ्या बकरीचं घातलं तर फुर्र करून माझ्याच अंगावर! सहा महिने त्या एका बकरीवर माझी लेक जगत होती. यमी शिंकली तरी तापमापक काढणारी मी, त्या बकरीचीही नाडी बघितली असती. कुठे असते ते ठाऊक नव्हतं म्हणून राहिलं.

छबुबाई आल्या त्या रिकामं भांडं घेऊन.

"दूध?"

"न्हाई. धुळाजी गेला की सारी मेंढरं-शेरडं घिऊन डोंगरात. बायकूबी संगं गेली. रिसाला यायलाय!"

"कसला रिसाला?"

"सरकारी. बाराशे स्वार हायेत म्हणं. तोफा तर मोजाया यीनात!"

चावडीपासून आमच्या घरापर्यंत दोनशे पावलं. तेवढ्यात माझ्या बारा स्वारांना दोन शून्यं लागली होती! वाचकहो, सांगायला लाज वाटते, पण माझाच रिसाला मला ओळखू आला नाही. लॉजिक कुठल्या कुठे! मी आधी यमीचा पाळणा खिडकीपासून दूर ओढला, तोफेच्या आवाजाने दचकेल म्हणून. मग कोनाड्यातले त्रेचाळीस शिपाई तांदळाच्या डब्यात पुरले, जप्त होतील म्हणून. छबुबाईंनी आपल्या चार कोंबड्या आमच्या न्हाणीत आणून सोडल्या.

"तरी मी म्हणलं व्हतं, शबुद काढू नका!"

"मी बोलले म्हणून सरकार फौज पाठवतं का?"

"आलीय न्हवं?" छबुबाई म्हणाल्या. मी बी.ए. निमूटपणे न्हाणीचं दार लावायला उठले.

मंगळवारी यमीने गाईचं दूध उलटलं. भाताची पेज दिली, ती भिंतीवर उडवली. बुधवारी तिच्या रडण्याचा आवाज बसला. रडणारं मूल परवडतं हो, मलूल पडलेलं नको. त्यात उत्तरेश्वर पाटील दारात.

"बाईसाहेब, साहेब कवा येनार?"

"शनिवारी."

"मेलो! रिसाला साहेबाच्या नावावर हाय, आन् उतरून घ्यायला साहेबच न्हाईत!"

"पाटील, माझी मुलगी दोन दिवस उपाशी आहे हो. धुळाजीची बकरी..."

"बकरीचं नावच काढू नका! रिसाल्याला धा बकरं लागतेत, त्यातलं एक गावात शिल्लक न्हाई. धुळाजीला हुडकाया चार गडी लावलेत. पर त्ये आवाज द्यायलेत, तसा त्यो वर वर चढायलाय."

"काय आवाज देतायत?"

"आता काय देतेल? 'बकरं काढ भाईर!'"

"अहो, मग तो पळणारच!"

"पळायलाय म्हणूनच मागं लागलोत की!"

"तुम्ही मागं लागलात म्हणून तो पळतोय!" इथे मात्र कार्यकारणसंबंध चोख बसत होता, पण आता तो कुणाला नको होता. मी म्हटलं, "तो हुकूम तरी दाखवा मला."

"गुप्त हाय."

"गुप्त? आमच्या न्हाणीतल्या कोंबड्यांना ठाऊक आहे!"

पाटलांचा चेहरा पडला. "त्यांला कुनी वाचून दावला?"

गुरुवारी मी यमीला पदराखाली घेऊन गावाच्या वेशीवर गेले. भीती होतीच, पण वडील सांगत, पलटणीबरोबर डॉक्टर असतो. म्हटलं, बाराशे स्वारांत एक डॉक्टर नसेल? पाया पडेन, पण औषध घेईन.

वेशीवर दोन गाड्या कडबा टाकलेला. पाण्याने भरलेल्या काहिली. फेटा बांधलेले पाटील, कार्ड हातात धरून सुंदरराव, आणि ऐनवेळी कुणी नाराज होऊ नये म्हणून एक हलगीवालाही. धूळ दिसली. धुळीतून बाहेर आली ती बीडची सर्व्हिस मोटर, आणि तीतून उतरला बंकट, तिचा ड्रायव्हर.

"बंकट, किती मागं हाय बे रिसाला?" पाटील कुजबुजले.

"कोनचा?"

"बाराशे स्वारांचा!"

"वाटंत एक गाढव दिसलं बगा. त्येबी बसल्यालं." बंकटने टपावरून एक पेटी काढली, पानाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. "साहेबाचं पार्सल हाय, सही करा. आन् जपून धरा, काय तरी नाजूक लिवलंय."

पेटीवर गोल, सुबक अक्षर होतं: 'रिसाला. नाजूक.'

माझ्या कानांच्या पाळ्या अशा तापल्या, की त्यांच्यावर भाकरी भाजली असती! "पाटील," मी म्हणाले, आणि माझा आवाज यमीइतकाच बसलेला होता, "उघडा ती. रिसाला तिच्यातच आहे."

त्यांनी दोरी कापली. गवतात बारा स्वार आडवे झोपले होते. काळे, तांबूस, करडे घोडे. कर्णेवाल्याच्या गालाला फुगवटासुद्धा दिलेला. मी सांगते, इतकं देखणं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं नकोसंही कधी झालं नव्हतं. हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एकदाच वाजवली.

पाटलांनी एक स्वार तळहातावर उभा केला. "बाईसाहेब, ह्येच्यासाठी मी दोन गाड्या कडबा टाकला?"

"पाटील, चुकले मी."

"आन् खेचरं?"

"खालच्या थरात असतील."

आधी त्यांची मिशी हलली. मग पोट. मग ते असे हसत सुटले, की फेटा काहिलीत पडला. पण यमी हसली नाही की रडली नाही. तिने डोळेसुद्धा नीट उघडले नाहीत. ते पाहून पाटलांचं हसू थांबलं. "पोरांनो, जावा, धुळाजीला सांगा..."

"गडी नगंत," छबुबाई मध्येच म्हणाल्या. "गडी दिसला की त्यो माजलगाव गाठतो. आमी बाया जातो."

आम्ही डोंगराच्या पायथ्याशी गेलो. छबुबाईंच्या कडेवर यमी, माझ्या काखेत ती पेटी. करवंदीच्या जाळ्या आणि दगड, त्यापलीकडे काही नाही. हाका मारल्या, फक्त आमच्याच हाका परत आल्या. शेवटी छबुबाईंनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना जन्मभर क्षमा करणार नाही आणि जन्मभर विसरणार नाही. त्यांनी यमीला एक बारीकसा चिमटा काढला!

यमीने उरलंसुरलं बळ काढून टाहो फोडला. समोरची जाळी हलली.

"ही यमीच की! कावून रडायली माझी बाय?" धुळाजीची बायको मनकर्णा काट्यांतून तशीच बाहेर आली, हातावर ओरखडे, मागोमाग ती पांढऱ्या कानाची बकरी. खाली बसली, वाटीत धार काढली, फेसासकट यमीच्या ओठांना लावली. घटघट आवाज आला. मी दगडावर बसले आणि तोंड फिरवून रडले. आजही दूध ओतल्याचा आवाज आला की मला तो डोंगर दिसतो, ते ऊन, मनकर्णाचे ते ओरबाडलेले हात.

धुळाजी वर कड्यावर उभा होता. खाली यायला तयार नाही.

"धुळाजीबाबा, या हो! रिसाला खोटा होता! हा बघा!" मी पेटी उघडून कर्णेवाला उंच धरला.

तो चार पावलं खाली आला. मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला.

"ह्ये तर ल्हान हायेत, बाई."

"तेच सांगतेय! एवढेच आहेत!"

"व्हय," धुळाजी म्हणाला. "मोठं मागून येत असतील."

मी बी.ए.चं सगळं लॉजिक त्या कड्याखाली ओतलं. पाटलांची शपथ घातली. त्याने मान डोलावली आणि मेंढरं गोळा केली. "बकरी र्‍हाऊ द्या लेकराला," जाताना म्हणाला. "रिसाला गेला की येतो न्यायला."

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. ह्यांची बदली हैदराबादला झाली, बकरी आमच्याबरोबर आली. यमी सहा वर्षांची आहे आणि दूध नको म्हणून रडते. धुळाजी अजून आलेला नाही. कुणी सांगतं सिरसाळ्याकडे दिसला होता, कुणी म्हणतं त्याच्याही पुढे गेला. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल, तर एवढी चौकशी कराल का? उंच, कानात बाळी, बोलण्याआधी मान वाकडी करतो. तो बरा आहे का, मनकर्णा कशी आहे, ते बघा. बकरी सुखात आहे म्हणावं, आणि तिची पाच करडंही त्याचीच आहेत.

फक्त जाताना खाकी कोट घालू नका. आणि घोड्यावरून तर मुळीच जाऊ नका!