शिंदीच्या दुकानाचा इतिहास

त्रिंबक मास्तरांनी नववा निबंध वाचून खाली ठेवला आणि लाल शाईच्या दौतीला बूच लावून टाकलं. विषय त्यांनीच दिला होता, 'समाज बदलणारा पुढारी'. त्याआधी महिनाभर घसा कोरडा करून त्यांनी चौथीच्या पोरांना सम्राट अशोक शिकवला होता, अकबर बादशहा शिकवला होता. फक्त विषय सांगताना एक वाक्य जास्तीचं बोलून गेले होते, "आपल्या गावातला कोणी असला तरी चालेल."

त्या वाक्यानं घात केला. चौदा पोरांपैकी नऊ जणांनी लिहिलं होतं, 'गावातले शिंदीचे दुकान माझ्या वडिलांनी बंद केले. त्यामुळे समाज बदलला.' नऊ पोरांचे बाप नऊ होते. दुकान मात्र गावात एकच होतं, आणि तेही एकदाच बंद झालं होतं.

"यातले आठ जण तरी खोटं लिहितायत," मास्तर बायकोला म्हणाले.

वत्सलाबाई ज्वारी पाखडत होत्या. "समद्यांना पास करून टाका की."

"गुरुवारी बीडहून मोहतमिम जमील साहेब येणार आहेत शाळा तपासायला. वह्या बघतील. एका दुकानाला नऊ जणांनी कुलूप लावलेलं दिसलं, तर माझी नोकरी कायम करतील का घरी पाठवतील?"

"मग समद्यांना नापास करा," वत्सलाबाई म्हणाल्या आणि सूप आपटून आत गेल्या.

मास्तरांना ते पटलं. त्यांनी दौत उघडली, नऊ भोपळे काढले आणि प्रत्येकाखाली लिहिलं, 'पुरावा नाही.'

बुधवारी शाळा भरते न भरते तोच बंकट पाटील लेकाची वही घेऊन दारात उभे राहिले.

"मास्तर, ह्ये काय लिवलंय?"

"पुरावा नाही, असं लिहिलंय. दुकान तुम्हीच बंद केलं कशावरून?"

"कशावरून म्हंजे? मी पाटील हाय न्हवं?"

"पंडित सुताराचा मुलगाही हेच लिहितो. त्याच्या वडिलांनी बंद केलं म्हणतो."

हे सांगायला नको होतं. पाटील तडक सुताराच्या घरी गेले आणि त्याला घेऊन परत आले. मागून सिदू आला, त्याच्याही पोरानं तेच लिहिलं होतं. दुपारपर्यंत नऊही बाप शाळेत जमले, आणि प्रत्येकानं साक्षीला आपापला मेहुणा आणला. गणिताचा तास गेला, कवितेचा गेला.

"मी दुकानवाल्या धुळाजीला तंबी दिलती," पाटील म्हणाले.

"तंबी मी दिलती," पंडित सुतार म्हणाला. "तुमी तवा झोपलेले व्हते."

"कुठं झोपलो व्हतो?"

"दुकानात."

पोरं गपगार बसून ऐकत होती. इतिहासाच्या तासाला इतकी शांतता मास्तरांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली.

भांडण त्या दिवशी मिटलं नाही. गुरुवारी सकाळी ते पुन्हा तिथूनच सुरू झालं, आणि ऐन रंगात असताना जमील साहेबांचा टांगा दारात थांबला. साहेब उतरले. वर्गात पोरांपेक्षा बाप जास्त पाहून चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"मास्तर, ये क्या चल रहा है?"

मास्तरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. नोकरी गेलीच आहे, तर निदान खरं बोलून जावी, असं त्यांना वाटलं. साहेबांनी नऊही वह्या चाळल्या.

"ज्याचं दुकान होतं, तो आदमी जिंदा आहे का?"

"आहे, साहेब."

"मग त्याला विचारा. इतक्या लोकांना कशाला विचारता?"

धुळाजीला वांग्याच्या वाफ्यातून बोलावून आणलं. चिखलाचे हात मागे धरून तो दारातच उभा राहिला.

"धुळाजी, तुझं दुकान कोणी बंद केलं?" मास्तरांनी विचारलं.

"मीच."

"का पण?"

धुळाजीनं नऊ जणांकडं पाहिलं. "ह्ये समदे रोज दुपारी येऊन बसायचे, साहेब. पहिल्या भांड्याला गप असायचे. दुसऱ्याला म्हणायचे, धुळाजी, ह्ये दुकान लई वाईट हाय, मी बंद करणार. तिसऱ्याला, दुकान बंद झाल्यावर गाव कसं सुधरंल त्ये सांगायचे. आळीपाळीनं, रोज. माझं डोकं उठलं. एक दिस दुकानाच्या फळ्या लावल्या आन मळ्यात वांगी लावली."

पाटील आढ्याकडं पाहू लागले.

"मतलब, हे बोलले नसते तर दुकान चालू राहिलं असतं?" साहेबांनी विचारलं.

"राहिलं असतं की."

"तर मग मास्तर, नऊही निबंध बरोबर आहेत." साहेबांनी मास्तरांचीच लेखणी उचलली, नऊ भोपळे खोडले आणि तपासणीच्या वहीत शेरा लिहिला, 'इतिहासाचे शिक्षण उत्तम. गावकरी शाळेत जातीने लक्ष घालतात. मास्तरांना याच गावी कायम करण्यात यावे.'

त्या दिवशी वत्सलाबाईंनी शिरा केला. मास्तर दोनदा मागून जेवले.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायला गेले, तर ओट्यावर नऊ जण बसलेले. साहेबांचा शेरा त्यांनी मनावर घेतला होता. मास्तरांनी धडा सुरू करताच पाटलांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"मास्तर, त्यो अशोक. त्यानं लढाया बंद केल्या म्हंता. एकट्यानं कशा केल्या? त्याच्यापाशी बसणारं कुणीतर असंल की."

"आन शाळा सुधरायची म्हटलं तर," मागून सिदू म्हणाला, "पयलं काय करावं लागंल, त्ये मी सांगतो."

पुढच्या बुधवारी धुळाजी वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाला होता. ओट्यावरचे आवाज ऐकून तो थांबला आणि दारातून आत डोकावला. मास्तर खडू हातात धरून नुसतेच उभे होते.

"किती दिस झाले, मास्तर?" त्यानं हळूच विचारलं.

"पाच."

धुळाजीनं टोपली उतरवली. चार चांगली वांगी निवडून त्यानं मास्तरांच्या टेबलावर ठेवली.

"मी साडेसहा वर्सं काढली," तो म्हणाला.