टिपणीसकाकांचं बासष्ट किलोंचं पोतं

टिपणीसकाकांच्या घरात शिरायचं तर आधी दारातल्या वजनकाट्यावर उभं राहावं लागे. चपला काढायच्या, काट्यावर चढायचं, मगच आत. "चौऱ्याऐंशी!" माझं वजन ते जिन्यात दोन मजले ऐकू जाईल असं पुकारत आणि वर म्हणत, "तुझ्यासाठी वेगळं विमान बांधावं लागेल रे."

विमान ते खरंच बांधत होते. रसायनीच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर, नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते नकाशे पसरून दोन सीटचं विमान जोडत बसत. पंख तयार झाले तेव्हा सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, 'पार्किंगमध्ये विमान लावू नये.' काकांनी नियमावली उघडून दाखवली. तिच्यात विमानाचा उल्लेख नव्हता. सेक्रेटरींची गाडी दोन वर्षं रस्त्यावर राहिली.

"वर गेल्यावर ग्रॅमसुद्धा बोलतो," हे त्यांचं पालुपद. सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण नुसता हातावर तोलून ते "साठ ग्रॅम" म्हणत. एकदा मी खात्री करून घेतली. साठच भरला. परवानग्यांच्या फेऱ्यांत मात्र शेवटी विमानापेक्षा फाइलच जड झाली.

काकूंनी त्यात बसायला साफ नकार दिला होता. "त्या पत्र्याच्या डब्यात मी? आधी पन्नास वेळा उडून धड खाली या, मग बघू."

काकांनी ते मनावर घेतलं. तेव्हा इथला विमानतळ सुरू व्हायचा होता. नेरे गावाच्या पुढे हरी पाटलांच्या माळावर ते दर रविवारी उडत. शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेलं वाळूचं पोतं असे. "ही तुमची काकू. अडुसष्ट किलो," ते ज्याला त्याला सांगत. आकडा सोसायटीभर झाल्यावर काकूंनी आठवडाभर अबोला धरला होता. पुढे त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर त्या काट्यावर कधी उभ्याच राहिल्या नाहीत. काकाही आग्रह करत नसत. उठताबसता तेवढा हात देत.

एकेचाळिसाव्या वेळी इंजिन हवेतच बंद पडलं. विमान माळाच्या टोकाला बांधावर आपटलं आणि काका जागच्या जागी गेले.

तेरावं झाल्यावर काकूंना ती जागा बघायची होती, म्हणून मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. हरी पाटलांनी आंब्याखाली ताडपत्री बाजूला केली. खाली ते पोतं होतं.

"हे तुमचं हाय," पाटील म्हणाले. "त्या दिवशी नवीन पार्ट बसवला होता. काका बोलले, आज भरवसा नाय, हिला नको न्यायला. सावलीत ठेव बोलले."

मी पोतं उचललं. अडुसष्टचं वाटेना. पाटलांच्या भाताच्या काट्यावर ठेवलं, तर बासष्ट.

"दवाखान्यातून बाई आल्यापासून वाळू काढायचे ना," पाटील म्हणाले. "दर रविवारी मूठमूठ. तोंड उतरलेलं असायचं. मागच्या महिन्यात एक ओंजळ परत घातली, तवा लय खुश होते. मला पेढा दिला."

एका पेढ्यावरून रडावं असं माझं वय नाही, पण मला रडू आलं. इतकी वर्षं मी या माणसाला नुसता हसत आलो, याची लाजही वाटली. काकू पोत्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एकदा तरी बसायला हवं होतं मी."

पोतं मी डिकीत ठेवायला निघालो तर त्या "डिकीत नको" म्हणाल्या. मग ते मागच्या सीटवर, काकूंच्या शेजारी बसून घरी आलं.

दारात काकूंनी चपला काढल्या आणि भिंतीला धरून काट्यावर चढल्या. चष्मा जवळ नव्हता, म्हणून मी वाकून आकडा बघितला. साठ. तेरा दिवस त्यांनी धड खाल्लं नव्हतं.

"साठ," मी हळूच म्हणालो.

"असं नाही," काकू म्हणाल्या. "जिन्यात ऐकू जाईल असं सांग."