साळिंदर, वाघ आणि न बसलेला ड्रायव्हर

एका जंगलात शिकारीची धावपळ बंद झाली होती. म्हणजे वाघ हरणांना खात नव्हता असं नाही हं, बाळांनो. खात होता. फक्त पळापळ होत नव्हती.

पूर्वी वाघ मागे लागायचा, हरणं पळायची, आणि दहातली नऊ वाचायची. हे फार मागासलेलं आहे, असं वाघाचं मत पडलं. वाघाचं मत पडलं की त्या जंगलात त्याला धोरण म्हणत. मग करार झाला. दर पौर्णिमेसाठी एका हरणाची चिठ्ठी निघायची. त्या हरणाने आणि वाघाने पाणवठ्याजवळच्या सपाट खडकावर समोरासमोर बसायचं आणि संगणकावर 'महादौड' नावाचा शर्यतीचा खेळ खेळायचा. हरीण जिंकलं तर वाघाने वर्षभर रताळी खायची. वाघ जिंकला तर काय, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही हुशार आहात.

हरणं कधीच जिंकली नाहीत. कारण सगळ्यांचे संगणक वाघाच्या दरबारातून आलेले, आणि त्यांवरची प्रणालीही दरबारीच. शेवटचं वळण आलं की हरणाच्या पडद्यावर पाटी झळकायची: 'कृपया थांबा. आपल्या सोयीसाठी सुधारणा चालू आहे.' सुधारणा संपायच्या आधी हरीण संपायचं.

अशा वेळी सूचिकांत परत आला.

सूचिकांत हे साळिंदर. लहानपणी तो बर्फाच्या देशात पेंग्विनांकडे शिकायला गेला, तो सहा वर्षांनी उगवला. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या. एक लोकरीचा गळपट्टा, जो तो वैशाखातही काढत नसे. आणि दुसरी, लिनक्स नावाची संगणकाची प्रणाली. बोलता बोलता त्याला भरून यायचं आणि काटे उभे राहायचे. त्यामुळे त्याची भाषणं सगळे जरा लांबून ऐकत.

"लिनक्स कोणाच्याही मालकीचं नाही!" तो खडकावर चढून सांगायचा. "ते आतून कसं चालतं ते कोणीही उघडून बघावं. त्यात सुधारणा होते ती तुम्ही म्हणाल तेव्हा. वाघ म्हणेल तेव्हा नाही!"

"पण त्यावर खेळ चालतात का?" एका म्हाताऱ्या वानराने झाडावरून विचारलं.

"चालतात."

"सगळे?"

"जवळजवळ," सूचिकांत म्हणाला.

जंगलाने तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पण जंगल सहा वर्षं शिकून आलेल्यापुढे कान टवकारत नाही, मान डोलावतं.

सूचिकांतची एक बालमैत्रीण होती. टिकली तिचं नाव. तरुण चितळ, अंगभर ठिपके, आणि पळायला अशी की खऱ्या रानात वाघाला तिची शेपटीही दिसली नसती. चैत्राच्या शेवटी तिचीच चिठ्ठी निघाली.

"दादा," ती धापा टाकत आली, "माझं नाव आलं रे. पुढच्या पौर्णिमेला सामना."

"अगं, हीच तर संधी!" सूचिकांत ओरडला.

"कोणाची?" टिकलीने विचारलं.

सूचिकांत ओशाळला. पण क्षणभरच. त्याने करार आणून तिच्यापुढे पसरला. त्यात तीन कलमं होती आणि आजवर कोणीच ती वाचली नव्हती. पहिलं, संगणक ज्याने त्याने आपला आणावा. दुसरं, दोन्ही पडद्यांवर खेळ दिसू लागल्याशिवाय सामना सुरू होणार नाही. तिसरं, लागलेला सामना संपेपर्यंत वाघाने दुसरी शिकार करू नये. तोवर त्याला उकडलेली रताळी द्यावीत.

"तुझा संगणक मी बांधतो," सूचिकांत म्हणाला. "बिनदरबारी! तू जिंकणार, आणि सगळं जंगल बघणार की लिनक्सवर खेळ चालतो!"

"मी जिवंत राहीन ना पण?"

"तेही आलंच त्यात."

पौर्णिमेच्या सकाळी सगळं जंगल जमलं. वाघ आपल्या संगणकापुढे मिशा साफ करून बसला. पंच होते कोल्हेशास्त्री, करार लिहिणारे. त्यांनी शेपटी उंचावली. सूचिकांतने कळ दाबली.

पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकू लागली.

"हाच का खेळ?" वानराने विचारलं.

"ही तयारी आहे. ड्रायव्हर बसवायचा राहिलाय."

"कुठे बसवणार? जागा तर दिसत नाही."

आता ड्रायव्हर म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगतो. संगणकात एक चित्रकार असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. खेळातलं रान, रस्ता, धूळ, सगळं तो काढतो. पण त्याला फक्त आपल्या कारखान्याची बोली कळते. म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. टिकलीचा चित्रकार 'घुबड आणि मंडळी' यांच्या कारखान्यातला होता. आणि घुबड आपली बोली कोणालाच शिकवत नसे.

त्यामुळे दुभाषे दोन झाले होते. एक घुबडाने स्वतः दिलेला. वेगवान, पण तोंडावर बुरखा. दुसरा जगभरच्या हौशी प्राण्यांनी घुबडाच्या घुत्कारावरून अंदाजाने घडवलेला. चेहरा उघडा, स्वभाव प्रेमळ, पण वाक्य अर्ध्यावर विसरणारा.

"बुरखेवाला बसव ना," टिकली कुजबुजली.

"ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला मी घरात घेणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"अरे दादा, मानेचा प्रश्न आहे. माझ्या."

सूचिकांतने खुला ड्रायव्हर बसवला. पडद्यावर रान आलं, पण उलटं. झाडं वरून खाली लोंबत होती. वटवाघळांनी टाळ्या वाजवल्या. कोल्हेशास्त्र्यांनी मान हलवली, "सरळ दिसलं पाहिजे."

दुपारी त्याने तत्त्व गिळून बुरखेवाला बसवला. आधीच्याला काढायला मात्र तो विसरला. दोघे दुभाषे एका घरात नांदेनात. पडदा पुन्हा काळा.

"किती वेळ लागेल हो, साळिंदरपंत?" वाघाने जांभई देत विचारलं.

"जवळजवळ झालंच, महाराज."

वाघाला रताळी देण्यात आली. त्याने ती नाक मुरडून खाल्ली.

पौर्णिमा गेली. अमावस्या गेली. सूचिकांत खडकावरून हलला नाही. आपल्याच काट्याने तो कळा दाबायचा आणि त्याच काट्याने संगणकाचे स्क्रू फिरवायचा. अडलं की तो दूरच्या हौशी प्राण्यांना विचारायचा. त्यांची एक चर्चेची भिंत होती. तिथे हुबेहूब हाच प्रश्न एका रानडुकराने नऊ वर्षांपूर्वी विचारलेला सापडला. सूचिकांतचे डोळे पाणावले. खाली रानडुकराचंच उत्तर होतं: 'झालं माझं. धन्यवाद.'

कसं झालं, ते लिहिलं नव्हतं.

त्याने नवा प्रश्न टाकला. धरणं बांधणाऱ्या एका बीव्हरने कळवलं, 'तुम्ही चुकीचं लिनक्स घेतलंत.' दुसऱ्याने कळवलं, 'बीव्हर चुकीचं लिनक्स वापरतो.' मग ते दोघे आठ दिवस भांडले. ते भांडण वाचायला जंगलातून हरणं, ससे, मोर येऊन बसू लागले. करमणूक अशी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

जांभळं पिकली. ओढे भरले. ओढे आटले. वाघ मात्र रोज येत होता, कारण करारानुसार सामना अजून लागलेलाच होता. आधी तो डुलक्या काढायचा. मग तो पडद्याकडे बघू लागला. मग एके दिवशी तो टिकलीच्या मागे येऊन उभा राहिला. टिकलीचं काळीज खुरात गेलं.

"ती सातवी ओळ," वाघ हलकेच म्हणाला. "तिथे 'सापडलं नाही' असं म्हणतंय. काय सापडलं नाही?"

"तेच शोधतोय, महाराज."

"अहो, मग त्या फाइलचा पत्ताच चुकलाय. सरका जरा."

त्या दिवसापासून वाघ सल्ला देऊ लागला. पुढच्या पंधरवड्यात त्याची मतं तयार झाली. कार्तिकात तो म्हणाला, "घुबडाने बोली जाहीर केलीच पाहिजे. हा अन्याय आहे." दरबारात बसून ज्याने शंभर हरणं खाल्ली, तो खडकावर उभा राहून खुलेपणावर बोलत होता. सूचिकांतने त्याला आपला गळपट्टा दिला. रताळ्यांबद्दल वाघाची एकच तक्रार उरली होती, मीठ कमी असतं.

त्या वर्षी जंगलात दहा पाडसं जन्मली. कोणी मोजायला घाबरलं नाही.

आणि मग, बाळांनो, घात झाला. फाल्गुनातली भर दुपार. जंगल पेंगत होतं. वाघ जांभळीखाली पंजे पसरून पडला होता. कोल्हेशास्त्री करार तोंडावर घेऊन घोरत होते. वानराचा डोळा लागला होता. सूचिकांतने सवयीने एक ओळ बदलली, सवयीने कळ दाबली, आणि सवयीने उसासा टाकायला तोंड उघडलं.

पडदा उजळला.

रान सरळ होतं. पान न् पान वेगळं हलत होतं. पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवत होता. सूचिकांतने तीनदा मोजलं. पाठीमागे सनईसारखं बारीक संगीत सुरू झालं. टिकलीने पुढे होऊन पडद्यावरचं गवत चाटलं.

"खरं वाटलं," ती लाजून म्हणाली.

 सूचिकांतचे सगळे काटे ताठ उभे. अकरा महिने! आता फक्त एक हाक मारायची. वानर उठेल. मोर उठतील. 'चालतात का खेळ?' असं विचारणारं सगळं जंगल बघेल.

"टिकली, आधी एकदा खेळून बघ," तो कसाबसा म्हणाला. "पटकन."

टिकली बसली. तिने खूर ठेवला. एका खुराखाली चार कळा दाबल्या गेल्या. पडद्यावरची गाडी जागीच गिरकी घेऊन खड्ड्यात गेली. नऊ सेकंद.

दुसऱ्यांदा सात सेकंद.

तिसऱ्यांदा तर ती निघालीच नाही.

तेव्हा दोघांनाही एकदमच कळलं. अकरा महिन्यांत त्यांनी संगणक चौतीस वेळा उघडला होता. लिनक्स सतरा प्रकारचं घालून पाहिलं होतं. पण सराव? सराव एकदाही झाला नव्हता. खेळ चालूच कधी होता सराव करायला?

"दादा," टिकली म्हणाली. "शास्त्रीबुवा उठले आणि त्यांना हा पडदा दिसला, तर सामना सुरू करावा लागेल ना?"

"करारच आहे तसा."

"महाराज आता आपलेच झालेत. पण करार करार आहे."

"हो."

"मग हे कोणाला दाखवायलाच हवं का?"

सूचिकांत पडद्याकडे बघत राहिला. पान न् पान. किती सुंदर दिसत होतं. पेंग्विनांनीही असं पाहिलं नव्हतं. आणि कोणाला कळणारही नव्हतं. ते वानर मरेपर्यंत विचारत राहणार होतं, 'झालं का रे साळिंदरा?' आणि तो मरेपर्यंत सांगत राहणार होता, 'जवळजवळ.'

"एक अपडेट कर ना रे दादा," टिकली अगदी हळू म्हणाली.

समोर कोल्हेशास्त्र्यांच्या तोंडावरचा करार घसरला. त्यांची एक पापणी हलली.

सूचिकांतने डोळे मिटले. पाठीचा एक काटा उपटला. अपडेटची आज्ञा त्याला पाठ होती, झोपेतही आली असती. त्याने ती टाइप केली. पडद्याने विचारलं: 'सगळं नीट चाललं आहे. खात्री आहे?'

त्याने 'होय' दाबलं.

नवा कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला. नवा ड्रायव्हर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संगीत तुटलं. रान गेलं. पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात ती ओळखीची पांढरी रेघ लुकलुकू लागली.

कोल्हेशास्त्री डोळे चोळत उठून बसले. "काय, झालं का?"

"नाही, बुवा," सूचिकांत म्हणाला. "जवळजवळ."

"ह्याचं काही खरं नाही," वानर वरून म्हणालं आणि कूस बदलून झोपलं.

जांभळीखाली वाघाने आळस दिला. "मला आत्ता स्वप्नात सनई ऐकू आली," तो म्हणाला.

टिकलीचे ठिपके पांढरेफटक पडले. "स्वप्नच असेल, महाराज."

वाघाने एक डोळा उघडून काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग सूचिकांतकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने गळपट्टा नीट केला आणि खडकावर येऊन बसला.

"असेल," तो म्हणाला. "सरका, पंत. सातवी ओळ बघू. आणि टिकले, रताळ्यांना मीठ लाव आज."

तात्पर्य: जो संगणक वेळेवर चालू होतो तो आपल्याला वेळेवर वाघासमोर बसवतो. म्हणून बाळांनो, सगळं सुरळीत चालू लागलं की क्षणाचाही विलंब न लावता अपडेट करावं.